भरतीची लाट वेगळी, त्सुनामी वेगळी



शिरूर तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि सहलीचा विषय निघाला. कुणी म्हणालं, हरिहरेश्वरला जाऊ, देवदर्शनही होईल आणि समुद्रही बघून होईल. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "नको बाई, तिकडं सुनामी येते." शेजारी बसलेल्या ताईंनी लगेच तोडगा काढला, "ती पौर्णिमेला येते. आपण अष्टमीला जाऊ की!" सगळ्या हसल्या, पण निम्म्या जणींना ते पटलंही होतं. नंतर दौंडकडच्या गटांत विचारून पाहिलं, तर तिथंही उत्तर तेच. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पौर्णिमा लोकांच्या डोक्यात बसली त्याला कारण आहे. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी इंडोनेशिया, श्रीलंका, अंदमान-निकोबार आणि तमिळनाडूवर जी त्सुनामी आली, त्या दिवशी खरोखरच मार्गशीर्ष पौर्णिमा होती. पण तो निव्वळ योगायोग. चंद्रामुळे येते ती भरती. त्सुनामीला तिथी नसते, मुहूर्त नसतो आणि ऋतूही नसतो. त्यात तिला पूर्वी सर्रास 'भरतीची लाट' म्हणत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

आधी भरतीचं बघू, ते सोपं आहे. चंद्र पृथ्वीला आपल्याकडे ओढत असतो. समुद्राचं पाणी सैल, म्हणून चंद्राच्या बाजूला ते थोडं फुगतं, आणि बरोबर उलट्या बाजूलाही फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसा प्रत्येक किनारा दिवसभरात या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. चंद्रही रोज थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात आणि सूर्याचीही ओढ त्यात मिळते. तेव्हाची भरती मोठी, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात होते, म्हणून तेव्हाची भरती लहान, ती भांगाची भरती.

मुंबईच्या किनाऱ्याला अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास भरती असते, हे कोळी बायकांना घड्याळाशिवाय ठाऊक असतं. अष्टमीला तीच वेळ सरकत सरकत सहावर जाते, म्हणजे दुपारी ओहोटी. तेव्हा अष्टमीला जाऊ म्हणणाऱ्या ताईंचा सल्ला काही वाईट नाही, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून समुद्राच्या अगदी कडेनं जाते. ती ओहोटीलाच करायची असते, भरतीला तिथं लाटा चढतात आणि खडक निसरडे होतात. आपल्या भागातून कोकणात जाणाऱ्यांना त्सुनामीपेक्षा या रोजच्या समुद्राचीच भीती जास्त बाळगायला हवी. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्यातल्या एका कॉलेजची १४ मुलं सहलीला गेली असताना मुरूडच्या समुद्रात बुडाली. त्या दिवशी ना वादळ होतं ना त्सुनामी. सहलीला निघण्याआधी भरतीची वेळ मोबाईलवर बघता येते, नाहीतर तिथल्या माणसाला विचारायची, आणि तो "पाण्यात जाऊ नका" म्हणाला तर जायचं नाही.

तिसरी एक लाट असते, ती वादळाची. जोराचा वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ ला चक्रीवादळ आलं तेव्हा असंच पाणी आत घुसलं आणि हजारो माणसं गेली. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तर आपल्यालाही आठवतं, रायगडला धडकून ते पुणे जिल्ह्यातले पत्रे उडवत गेलं. पण वादळ दोन-तीन दिवस आधी दिसतं. त्सुनामी दिसत नाही.

आता त्सुनामीकडे येऊ. ती वाऱ्यानं होत नाही, चंद्रानंही होत नाही, ती समुद्राच्या तळातून उठते. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सावकाश सरकत असतात. किती सावकाश, तर वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात साधारण त्या वेगानं. सुमात्रा बेटाच्या बाजूला समुद्राखाली एक तुकडा दुसऱ्याच्या खाली घुसतो आहे. घुसताना दोघे एकमेकांत अडकून बसतात. खालचा सरकायचं थांबत नाही, म्हणून वरच्याची कड त्याच्याबरोबर खाली दबत जाते, ओली छडी वाकवून धरावी तशी. शेकडो वर्षं ती वाकत राहते. आणि एके दिवशी अडकलेलं सुटतं.

त्या रविवारी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास ते सुटलं. भूकंप ९.१ तीव्रतेचा होता. बाराशे किलोमीटरांहून लांब पट्टा फाटत गेला आणि कित्येक ठिकाणी समुद्राचा तळच काही मीटर वर उसळला. तळ उसळला म्हणजे त्याच्यावरचं सगळं पाणी, तळापासून माथ्यापर्यंत, एकदम उचललं गेलं. उचललेलं पाणी तसंच थोडं थांबणार? ते दोन्ही बाजूंना पसरायला निघालं. तीच त्सुनामी.

घरी करून बघण्यासारखं आहे. प्लॅस्टिकच्या घमेल्यात पाणी घ्या आणि वरून फुंकर मारा. बारीक तरंग उठतात, पण तळाचं पाणी जागचं हलत नाही. वाऱ्याच्या लाटा अशा असतात. आता तेच घमेलं दोन विटांवर ठेवून तळाला खालून एक ठोसा द्या. सगळं पाणी डचमळून काठावरून सांडेल.

प्रत्येक भूकंपानं त्सुनामी येत नाही, हेही इथंच सांगून टाकतो. १९९३ ची किल्लारी आणि १९६७ ची कोयना आपण विसरलेलो नाही, पण ते भूकंप जमिनीवर, समुद्रापासून लांब झाले. समुद्राखाली झालेला मोठा भूकंपही दर वेळी लाट आणतो असं नाही. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळच ८.६ चा भूकंप झाला, सगळीकडे घबराट झाली, पण मोठी त्सुनामी आली नाही. कारण त्या वेळी तळाचे तुकडे वरखाली न होता एकमेकांना घासून आडवे सरकले. परातीतल्या पाण्यात तळहात तळाशी सपाट ठेवून बाजूला सरकवा, पाणी फारसं हलणार नाही. तोच हात झटक्यानं वर उचला, मग बघा. याखेरीज समुद्रातला ज्वालामुखी फुटला किंवा डोंगराचा कडा पाण्यात कोसळला तरी त्सुनामी येते. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला तेव्हा छत्तीस हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुतेक लाटांनी.

यापुढचा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बायकांनी नीट ऐकावा.

त्सुनामी खोल समुद्रात कळत नाही. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटरनं, म्हणजे विमानाच्या वेगानं धावते. पण तिची उंची किती? त्या दिवशी उपग्रहानं मोजली ती जेमतेम दोन फूट भरली. आणि एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंत अंतर शेकडो किलोमीटर, दौंडला गाडीत बसून मुंबईला उतरावं एवढं. एवढ्या लांबलचक लाटेवर होडी असेल तर ती कित्येक मिनिटांत दोन फूट वर जाते आणि तशीच खाली येते. होडीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं, की लाटेचा वेग कमी होतो. पुढचा भाग आधी हळू होतो, मागचा अजून जोरात येतच असतो. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर काय होतं? मोकळ्या रस्त्यावर ट्रॅक्टर एकमेकांपासून लांब लांब असतात, पण गेटपाशी पुढचा थांबला की मागच्या ट्रॉल्या एकामागे एक येऊन खेटतात. पाण्याचंही तसंच होतं, फक्त पाणी मागे उभं राहत नाही, वर चढतं. दोन फुटांची लाट किनाऱ्यावर घराएवढी होते. आणि ती भिंतीसारखी येऊन फुटून संपत नाही. तिच्या मागे मैलोगणती पाणी असतं, ते दहा-दहा मिनिटं आत घुसत राहतं, आणि मग तेवढ्याच जोरानं सगळं ओढून परत नेतं. त्या ओढीतही माणसं जातात.

म्हणजे त्या सकाळी तमिळनाडूत काय झालं बघा. खोल समुद्रात मासे धरायला गेलेले पुरुष होडीत होते. त्यांच्या खालून लाट निघून गेली, त्यांना कळलंही नाही. बायका किनाऱ्यावर होत्या. होड्या परत यायची वाट बघत होत्या, मासळी घ्यायला, निवडायला, बाजारात न्यायला. काही घरात पोरांपाशी होत्या. नऊच्या आसपास लाट आली ती त्यांच्यावर.

ऑक्सफॅम या संस्थेनं तीन महिन्यांनी, मार्च २००५ मध्ये आकडे मांडले. नागपट्टिनम जिल्ह्यात मरण पावलेल्यांत २,४०६ बायका आणि १,८८३ पुरुष. कडलूरमध्ये ३९१ बायका आणि १४६ पुरुष. लाट एकच होती. पण कोण कुठं उभं होतं, कुणाच्या कडेवर मूल होतं, कुणाच्या पायात साडी अडकली, कुणाला झाडावर चढता येत होतं आणि कुणाला पोहता येत होतं, यावर कोण वाचलं ते ठरलं. आपल्याकडेही पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की काका-मामा त्याच्या पाठीला डबा बांधून त्याला विहिरीत ढकलतात. पोरीला कोण शिकवतं? आणि धुणं घेऊन कालव्यावर, नदीवर जाते ती पोरच. आम्ही हे गटागटांत बोललो आहोत, काही जणींना राग आला, काही जणींनी पोरींना शिकवायला सुरुवात केली.

'त्सुनामी' हा शब्द जपानी आहे. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. बंदरातली लाट असं नाव का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. समुद्रात काहीच जाणवत नाही, आणि कोळी परत येऊन बघतो तर बंदर वाहून गेलेलं.

त्या त्सुनामीत चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. पण भूकंपाच्या अगदी जवळ असलेल्या सिमेउलुए नावाच्या बेटावर सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार लोकवस्तीपैकी फक्त सात जण दगावले. तिथं ना भोंगा होता ना सरकारी इशारा. १९०७ साली त्या बेटावर मोठी त्सुनामी आली होती आणि खूप माणसं गेली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या गोष्टींतून, अंगाईतून पोरांना 'स्मोंग' सांगत आल्या. जमीन जोरात हलली की सामान गोळा करायचं नाही, डोंगराकडे पळायचं, एवढंच त्यात असतं. सत्त्याण्णव वर्षांनी ते कामाला आलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असं सांगणारं कुणी नव्हतं, कारण तिथं कुणी त्सुनामी पाहिलीच नव्हती.

एक गोष्ट लोकांना माहीत असते, की त्सुनामीआधी समुद्र मागे हटतो. हे अर्धंच खरं. लाटेचा खोलगट भाग आधी पोचला तर पाणी मागे जातं, तळ उघडा पडतो. थायलंडला तसं झालं, आणि शाळेत भूगोलात शिकलेल्या टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनं ते ओळखून आईबापांना ओरडून सांगितलं, तिच्यामुळे तिथला किनारा रिकामा झाला. पण आपल्या पूर्व किनाऱ्याकडे लाटेचा माथा आधी आला, पाणी आधी वरच चढलं. तेव्हा समुद्र मागे हटला तर पळायचंच, पण तो हटायची वाट बघत बसायचं नाही. पहिली लाट गेली म्हणून खालीही उतरायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं दुसरी येते, आणि कधी कधी तीच मोठी असते.

मग आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं काय? तो सुमात्राच्या पाठीमागे आहे म्हणून सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. केरळही पाठीमागेच होता. तरी लाट भारताच्या टोकाला वळसा घालून गेली आणि कोल्लम जिल्ह्यातल्या आलप्पाड गावात शंभराहून अधिक माणसं गेली. आणि अरबी समुद्राला स्वतःचीही एक अशी जागा आहे, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याला, मकरान नावाची. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथं ८.१ चा भूकंप झाला. मुंबईत लोक झोपेत होते. सकाळी आठ वाजून गेल्यावर सुमारे दोन मीटर उंचीची लाट मुंबईला पोचली. होड्यांचे दोर तुटले आणि पंधरा माणसं वाहून गेली. भूकंप आणि लाट यांच्यामध्ये साडेचार-पाच तास होते. आज तेवढ्या वेळात अख्खा किनारा रिकामा करता येईल. तेव्हा सांगणारंच कुणी नव्हतं.

आता सांगणारी व्यवस्था आहे. हैदराबादला समुद्राची माहिती देणारं केंद्र सरकारचं केंद्र आहे, त्याला इन्कॉइस म्हणतात. तिथं ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीचा इशारा देण्याचं काम रात्रंदिवस चालतं. भूकंप झाल्यावर दहा मिनिटांच्या आसपास त्यांना तो कुठं, किती खोल, किती मोठा हे कळतं. समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रं वरच्या पाण्याचा दाब मोजतात, त्यावरून लाट खरंच निघाली आहे की नाही ते समजतं. निकोबारसारख्या ठिकाणी लाट अर्ध्या तासाच्या आत पोचते, तिथं जमिनीचा हादरा हाच इशारा. कोकणाला मकरानकडून आली तर काही तास मिळतील.

मात्र भूकंप कधी होणार हे आधी कुणालाही सांगता येत नाही. "अमुक तारखेला त्सुनामी" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. ३० डिसेंबर २००४ ला, त्सुनामीनंतर चारच दिवसांनी, सरकारकडूनच चुकीचा इशारा गेला होता आणि आधीच सर्वस्व गेलेली माणसं पुन्हा सैरावैरा पळाली होती. तुमची लेक, जाऊ, भाऊ कुणी अलिबागला, रत्नागिरीला, मुंबईला असेल तर त्यांना अशा मेसेजपेक्षा स्मोंगची गोष्ट सांगा.

शिरूर आणि दौंड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहेत, मधे सह्याद्री आहे. इथं त्सुनामी कधीही येणार नाही. पण पाण्याची लाट आपल्याकडे आलेली आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पाण्यानं खडकवासला फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. ते पाणी मुळा-मुठेतून खाली आलं आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी आपल्या भीमेलाच मिळते. ती त्सुनामी नव्हती, उतारावरून एकाच दिशेला धावलेलं पाणी होतं. पण काठावरच्या माणसाला आधी कळलं की नाही, हा प्रश्न नागपट्टिनमला होता तोच.

पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सोडतात तेव्हा विसर्गाचे आकडे येतात. दौंडच्या पुलापाशी भीमेचा विसर्ग मोजतात आणि तो रोज पेपरात छापून येतो, उजनी किती भरणार ते त्यावरून कळतं. गावात ती बातमी आली की पुरुष मंडळी नदीवरच्या मोटारी काढायला धावतात. बरोबरच आहे, मोटार महाग असते. पण मेसेज येतो तो मालकांच्या फोनवर, आणि फोन असतो त्यांच्या खिशात. त्या वेळी बाई नदीवर धुणं घेऊन गेलेली असते, नाहीतर गवताला, नाहीतर म्हशी घेऊन पात्रात. तिला निरोप कोण देतं?

म्हणून नदीकाठच्या काही गटांत आम्ही बैठकीच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी लिहायला सांगितली आहे. कोणती वस्ती नदीच्या किती जवळ, तिथं कोण म्हातारं, कोण बाळंतीण, आणि त्या वस्तीवर स्वतःजवळ फोन बाळगणारी एक बाई कोण, तिचा नंबर. पाणी सुटल्याचं कळलं की आधी या बायांना फोन करायचा. भीमा, घोड, मुळा-मुठा यांच्या काठच्या ज्या गटांनी ही यादी अजून केली नसेल, त्यांनी जूनच्या बैठकीत करून घ्या. दरवर्षी एकदा नंबर तपासा, कारण सिमकार्डं बदलतात.